बेटांवरचा बेत

मे महिन्याचा तिसरा आठवडा आला की आपण सगळे रेडिओवरची एक बातमी कान देऊन ऐकतो. मोसमी वारे अंदमानच्या समुद्रात येऊन दाखल झाले, ही ती बातमी. मग आपण बोटं मोजायला लागतो. अंदमानात वीस-बावीस मेच्या सुमाराला, केरळात एक जूनच्या आसपास, आणि तिथून आठ-दहा दिवसांत आपल्याकडे. बी-बियाणं आणायचं, कुळव धरायचा, घराची कौलं चाळायची, ती सगळी कामं या हिशेबाने. म्हणजे ज्या अंदमानशी आपला पाहण्याचा संबंध नाही, त्याच्याशी आपल्या शेताचा संबंध दरसाल येतो. आणि अलीकडे पाहण्याचाही येऊ लागला आहे. विमानाची सोय झाल्यापासून आपल्या तालुक्या-तालुक्यांतून माणसं अंदमानला जाऊन येतात. कुणी सेल्युलर जेल पाहायला, कुणी निळं पाणी पाहायला, तर कुणी शेजारचा जाऊन आला म्हणून.

आज मला बोलायचं आहे ते तिथल्या सौंदर्यावर नव्हे. त्याची वर्णनं पुष्कळ झाली आहेत. बेटांवर गेल्यावर ठरवलेला बेत मोडतो तेव्हा काय करावं, त्यावर बोलायचं आहे. आणि अंदमानात तो मोडतोच. पंढरपूरला किंवा गाणगापूरला निघालेल्या माणसाची एस.टी. चुकली तर तो पुढच्या गाडीने जातो. बेटांवर पुढची गाडी समुद्राच्या मर्जीवर सुटते.

आधी जागा समजून घेऊ. शिक्षक मंडळींनी नकाशा समोर धरावा. बंगालच्या उपसागराच्या पूर्वेकडच्या अंगाला उत्तर-दक्षिण अशी बेटांची एक लांबच लांब माळ दिसते. ती आपल्यापेक्षा ब्रह्मदेशाला आणि सुमात्राला जवळ आहे. बेटं पाचशेवर, पण माणसांची वस्ती चाळिसांच्या आतच. वरची अंदमानची, खालची निकोबारची, आणि मध्ये दहा अंश अक्षांशाची खाडी. मद्रासेहून, म्हणजे आताच्या चेन्नईहून, आगबोटीने गेलं तर सुमारे तीन दिवस लागतात, विमानाने दोन-सव्वादोन तास. राजधानीच्या गावाचं नाव पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ मध्ये ते बदलून श्रीविजयपुरम असं ठेवलं आहे, पण बोलताना अजून जुनंच तोंडात येतं. विमानतळाला वीर सावरकरांचं नाव आहे. २०१८ च्या डिसेंबरात तीन बेटांचीही नावं बदलली. हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला तेव्हा पंचाहत्तर वर्षं पुरी झाली होती. तिकिटावर नवं नाव आणि रिक्षावाल्याच्या तोंडी जुनं, असा घोटाळा होतो, म्हणून दोन्ही लक्षात ठेवावीत.

आता एक गंमत पाहा. आपल्याकडची माणसं फिरायला जातात केव्हा? शाळेला सुट्टी असते तेव्हा. शाळेला सुट्टी केव्हा? दिवाळीत आणि मे महिन्यात. आणि बंगालच्या उपसागरात वादळं उठण्याचे हंगाम कोणते? एक पावसाळ्याच्या आधीचा, म्हणजे एप्रिल-मे, आणि दुसरा पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे शाळामास्तराची सुट्टी आणि समुद्राची लहर यांची गाठ जणू पत्रिका पाहूनच घातलेली आहे. जानेवारी ते मार्च हे तिकडे शांत महिने, पण तेव्हा आपल्याकडे परीक्षा जवळ आलेल्या असतात, आणि शेतकऱ्याच्या घरी ऊस नाहीतर ज्वारी असते. तेव्हा आपल्याला जायचं ते बहुतेक अवघड महिन्यांतच जायचं आहे, हे धरूनच घर सोडावं.

अवघड म्हणजे किती, त्याचं एक उदाहरण सांगतो. डिसेंबर २०१६ च्या पहिल्या पंधरवड्यात अंदमानजवळ कमी दाबाचा पट्टा तयार झाला. पाऊस आणि वारा असा की हॅवलॉक आणि नील या बेटांवर गेलेले हजाराहून अधिक प्रवासी तिथेच अडकून पडले. फेऱ्या बंद. नौदलाची जहाजं त्यांना आणायला गेली, पण त्यांनाही समुद्र जरा निवण्याची वाट पाहावी लागली. मग जहाजांनी आणि हेलिकॉप्टरांनी माणसं पोर्ट ब्लेअरला आणली. तेच वादळ पुढे 'वरदा' हे नाव घेऊन १२ डिसेंबरला चेन्नईजवळ किनाऱ्यावर आदळलं. त्या प्रवाशांत बेजबाबदार कुणी होते असं नाही. ते नेहमीच्या फेरीने गेले होते, नेहमीच्या फेरीने परतणार होते.

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला आगबोटीने दोन-अडीच तास लागतात. सरकारी बोटी आहेत, खासगी वेगवान बोटीही आहेत. सहलीचा जो छापील कार्यक्रम आपल्या हाती पडतो, तो या फेऱ्यांवर उभा असतो. पहिल्या दिवशी उतरायचं, दुसऱ्या दिवशी हॅवलॉक, तिसऱ्या दिवशी नील, चौथ्या दिवशी परत, पाचव्या दिवशी उरलेलं पोर्ट ब्लेअर, सहाव्या दिवशी विमान. कागदावर हे फार नेटकं दिसतं. त्यात एक फेरी चुकली की पुढचा प्रत्येक दिवस सरकतो, आणि मार बसतो तो शेवटच्या दिवसाला. त्या शेवटच्या दिवशी काय ठेवलेलं असतं? बहुधा सेल्युलर जेल.

काही वर्षांमागे दिवाळीच्या सुट्टीत आमच्या तालुक्यातली एकोणीस माणसं अशी गेली होती, त्यात मी होतो. निम्मे शिक्षक, बाकीचे शेतकरी कुटुंबातले. सर्वांत वडील एक निवृत्त हेडमास्तर. त्यांनी शाळेत चाळीस वर्षं मुलांना काळ्या पाण्याची गोष्ट सांगितलेली. सर्वांत लहान म्हणजे नुकतं लग्न झालेलं एक जोडपं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सामानासकट धक्क्यावर गेलो तर फाटक बंद. बंदरावर बावटा चढला होता. कोकणातल्या श्रोत्यांना बावटा सांगायला नको. तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे वाऱ्याचे झोत येणार, होडी बाहेर काढू नका. आमच्यातल्या घाटावरच्या मंडळींना मात्र ते पटेना. पाऊस तर बारीक भुरभुरत होता, बंदरातलं पाणी जवळजवळ निश्चल. "एवढ्याशा पावसाला बोट बंद? पैसे भरलेत आम्ही!" असा सूर निघाला. खिडकीतला कारकून शांतपणे म्हणाला, "यहाँ का पानी मत देखिये. बाहर का देखिये." बंदर आडोशाला असतं. वारा कळतो तो बंदराचं तोंड ओलांडल्यावर, आणि तिथून बोट मागे वळवणं सारंगाला सोपं नसतं. आपल्या नदीला वर धरणावर पाऊस झाला की खाली ऊन असूनही पूर येतो, तसंच हे.

मग आमचं तिथेच धक्क्यावर बोलणं झालं. सहलचालक म्हणत होता, लॉजवर जाऊन पडा, दुपारी कळेल. असं बसून राहण्यात बेटावरचे दिवस फुकट जातात, मंडळी. दुपारी कळतं की आजची फेरी नाहीच, आणि तोवर दिवस संपलेला असतो. संपलेला म्हणजे खरोखरच संपलेला. शिक्षकांनी हे गणित वर्गात घालावं. पृथ्वीला एक अंश रेखांश फिरायला चार मिनिटं लागतात. कोल्हापूर सुमारे चौऱ्याहत्तर अंशांवर, पोर्ट ब्लेअर सुमारे साडेब्याण्णव अंशांवर. फरक साडेअठरा अंशांचा, म्हणून सूर्य तिथे आपल्यापेक्षा चौऱ्याहत्तर मिनिटं आधी डोक्यावर येतो. पण घड्याळ दोन्हीकडे एकच, भारतीय प्रमाणवेळेचं. परिणाम असा की नोव्हेंबरात तिथे पहाटे सव्वापाचला उजाडलेलं असतं आणि संध्याकाळी पाचला सूर्य मावळतो. आपण आठ वाजता उठून, चहा-नाश्ता करून दहाला बाहेर पडणार, तर आपल्या हाती दिवसाचा जेमतेम अर्धा भाग राहतो.

हेडमास्तर गुरुजींनी मग एकच वाक्य टाकलं. "जेलला बोट लागत नाही ना? मग चला." आणि आम्ही सहाव्या दिवसाकडे सरकत चाललेली सेल्युलर जेल दुसऱ्या दिवशी आणली. शेवटच्या दिवशी, विमानाच्या घाईत तिथे तास-दीड तास मिळाला असता. आम्हाला सबंध दिवस मिळाला.

त्या इमारतीला सबंध दिवस हवाच. ती १८९६ ते १९०६ या काळात बांधली. मधोमध मनोरा आणि त्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात लांब बराकी, प्रत्येक तीन मजली. कोठड्या सहाशे नव्वदच्या पुढे. एका बराकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, अशी रचना मुद्दाम केलेली. म्हणजे एका बंदिवानाला दुसऱ्याचं तोंड दिसू नये. कोठडी सुमारे साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद, आणि मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका. सातांपैकी आज तीनच बराकी उभ्या आहेत, आणि जुन्या तुरुंगाच्या जागेवर गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते हे राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण झालं. स्वातंत्र्यवीर सावरकर इथे ४ जुलै १९११ ला आले आणि १९२१ मध्ये हलवले गेले. त्यांचे वडील बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून तिथेच होते, आणि एकाच तुरुंगात असून भावाची भावाशी कितीतरी काळ भेट नाही. त्यांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. तिथे जायला मंडळी धावतात, छायाचित्र काढतात आणि परततात. माझं म्हणणं असं की धावू नका. खालच्या आवारात कोलू आहे, म्हणजे बैलाच्या जागी माणूस जुंपून फिरवायचा घाणा, तो आधी पाहा. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं असे. आपल्यापैकी ज्यांनी घाणा किंवा गुऱ्हाळाचा चरक फिरताना पाहिला आहे, त्यांना तो आकडा शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळेल.

आणि भिंतीवरच्या नावांच्या पाट्या वाचा. त्यांत मराठी थोडी, बंगाली पुष्कळ, पंजाबी पुष्कळ. उल्लासकर दत्त, बारींद्र घोष, इंदुभूषण रॉय. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहित मोइत्र आणि मोहन किशोर नामदास हे तिघे गेले. आपण मराठी माणसं तिथे एकच नाव घेऊन जातो. परत येताना ही नावंही बरोबर यावीत. हेडमास्तर गुरुजी ती नावं वहीत उतरवून घेत होते आणि बाकीचे त्यांच्यासाठी थांबले, याला कारण तो बंद पडलेला धक्का. संध्याकाळी आवारात ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम असतो, पण तो उघड्यावर होतो आणि पावसात बंद ठेवतात. आम्हाला त्या दिवशी मिळाला नाही, पुढे एका कोरड्या संध्याकाळी मिळाला.

तिसऱ्या दिवशीही बावटा उतरला नाही. त्या दिवशी चॅटमची लाकूड-गिरणी पाहिली. १८८३ मध्ये सुरू झालेली, आणि १९४२ मध्ये जपान्यांनी टाकलेल्या बाँबचा खड्डा अजून तिच्या आवारात आहे. छपराखालची जागा, पावसाच्या दिवसाला चांगली. रविवारी मात्र काम बंद असतं. तिथे पडाक नावाचं तांबूस, जड लाकूड पाहायला मिळतं. आमच्यातला एक सुतारकाम जाणणारा शेतकरी तिथून हलायला तयार नव्हता. सहलीच्या कागदावर या गिरणीचा पत्ताही नव्हता. संग्रहालयंही पाहिली. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सोमवारी सुट्टी असते. म्हणून बेत फिरवताना वार आधी पाहावा, नाहीतर समुद्रामुळे एक दिवस जातो आणि कुलपामुळे दुसरा.

चौथ्या दिवशी आकाश उघडलं आणि तिथेच आमच्यात खरी फूट पडली. सहलचालक म्हणाला, आज हॅवलॉकला जाऊ, रात्र काढू, उद्या संध्याकाळी परत, परवा सकाळी विमान. हिशेब बरोबर बसत होता. हॅवलॉकचा राधानगर किनारा पाहायला मंडळी घरून निघाली होती. त्याचं चित्र त्यांनी पंचायतीच्या भिंतीवर पाहिलेलं. एक काकू तर म्हणाल्या, "आता पुन्हा कुठला योग?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. एकदा साठवलेले पैसे, एकदा मिळालेली सवड. त्याच कारकुनाला विचारलं, उद्या बोट येईल ना? तो म्हणाला, "जाना आपके हाथ में है, आना समंदर के हाथ में."

आता या ठिकाणी ज्याने त्याने आपलं घर आठवावं. ज्याची शाळा परवा उघडते, ज्याच्या गोठ्यात दुभती म्हैस शेजाऱ्याच्या भरवशावर आहे, ज्याचं विमानाचं तिकीट बुडालं तर दुसरं काढायला कर्ज करावं लागेल, त्याने विमानाच्या आदल्या रात्री मोठ्या बेटावर असावं आणि आदल्या दिवशी दुसऱ्या बेटावरून यायचं ठेवू नये. हा माझा ठाम सल्ला आहे. आमच्यातल्या सतरा जणांनी तो मानला. नवं जोडपं मात्र गेलं. त्यांना दोन दिवस जास्तीची रजा होती आणि तिकिटाची तारीख बदलायला पैसेही होते. ते राधानगरची वाळू पाहून, तिथला सूर्यास्त पाहून दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी हसत परत आले. बोट वेळेवर आली, समुद्र शांत होता. काकूंनी त्या दोघांकडे पाहिलं आणि जेवताना फारशा बोलल्या नाहीत. ते दोघं चुकले असं मी म्हणणार नाही, आणि आम्ही राहिलो ते चुकलं असंही नाही. त्यांच्या गाठीला जे होतं ते आमच्या गाठीला नव्हतं.

आम्ही बाकीचे गेलो वंडूरला. पोर्ट ब्लेअरहून रस्त्याने जायचं आणि तिथून होडीने जॉली बॉय बेटावर. हा महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, १९८३ पासूनचा, एकूण पंधरा बेटांचा. इथली व्यवस्था शेतकऱ्याला आवडेल अशी आहे. जॉली बॉय आणि रेड स्किन अशी दोन बेटं प्रवाशांना आलटून पालटून उघडतात. साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय, बाकीच्या महिन्यांत रेड स्किन. एक चालू असताना दुसऱ्याला विसावा. आपण जमीन पड टाकतो, तसं. प्लास्टिकची बाटली, पिशवी बेटावर न्यायची नाही. तिथे झडती असते. काचेच्या तळाच्या होडीतून खालची प्रवाळं दिसतात. प्रवाळ दगड नव्हे, ते बारीक जिवांनी बांधलेलं घर आहे, त्यावर पाय दिला की वर्षानुवर्षांचं काम मोडतं. काकूंनी त्या काचेवर जी मान खाली घातली ती होडीवाल्याने दोनदा सांगितलं तरी वर केली नाही.

पाचव्या दिवशीचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चालकाला वाटत होतं, एक मोठं ठिकाण हुकलं, त्याच्या बदली दुसरं मोठं काहीतरी दाखवावं. तो म्हणाला, पहाटे तीनला निघू, बाराटांगला जाऊ. चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे. आणि आवाज जरा खाली आणून म्हणाला, वाटेत जंगलातले आदिवासीही दिसतात, नशीब असेल तर.

आमच्यातल्या एका बाईंनी, त्या प्राथमिक शाळेत शिकवतात, तिथेच सांगितलं, "मग मी येत नाही."

त्यांचं म्हणणं समजायला थोडी माहिती हवी. जिरकाटांगच्या नाक्यापासून पुढे तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जारवा काही शेकडा आहेत. शिकार, मासे, मध, कंद यांवर पिढ्यान् पिढ्या जगत आलेले लोक. बाहेरच्यांशी त्यांचं वैर होतं, ते १९९८ च्या सुमाराला निवळलं, आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्यात गोवराची साथ आली. ज्या रोगाचा आपल्याला लहानपणी ताप येऊन जातो, त्याला त्यांच्या अंगात प्रतिकार नाही. १९५६ पासून अशा जमातींच्या रक्षणासाठी खास कायदा आहे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव जंगलातला रस्त्याचा भाग बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी वाहतूक चालूच राहिली. गाड्या पोलिसांच्या पहाऱ्यात, ठराविक वेळी, तांड्याने सोडतात. थांबायचं नाही, खाऊ टाकायचा नाही, छायाचित्र काढायचं नाही. काढलं तर तो गुन्हा. आणि तरी २०१२ मध्ये जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली आणि जगभर तिची नाचक्की झाली.

चालक म्हणाला, "बाई, गाडी तर जाणारच आहे, आपण गेलो काय, न गेलो काय." बाई म्हणाल्या, "आमच्या वाडीवर सर्कस बघायला यावं तशी माणसं गाडीतून आली, तर तुम्हाला चालेल का?" यावर कुणी बोललं नाही. गुहांत वाईट काही नाही, त्या रस्त्यावरच्या गावांतल्या लोकांना तर त्या रस्त्यानेच दवाखान्याला यावं लागतं. पण ज्याला 'नशीब असेल तर' अशी आशा लावून कुणी नेत असेल, त्याने तो बेत सोडावा, असं मला वाटतं. गुहा पाहायच्याच असतील तर समुद्राने तिकडे बोट जाते का, ते धक्क्यावर विचारावं. आम्ही त्या दिवशी रॉस बेटावर गेलो. पोर्ट ब्लेअरहून होडीने थोड्याच मिनिटांवर. इंग्रजांची राजधानी तिथे १९४१ पर्यंत होती. आता साहेबांच्या बंगल्यांच्या भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी कवळून टाकल्या आहेत, आणि त्यांतून हरणं फिरतात. हेडमास्तर गुरुजींना ते दृश्य फार आवडलं. का आवडलं, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची गरज कुणाला पडली नाही.

तुम्ही नीलला जाणार असाल तर भरती-ओहोटीचा हिशेब बरोबर ठेवा. तिथे दगडाची एक नैसर्गिक कमान आहे. बंगालमधून येऊन वसलेल्या लोकांनी तिला हावडा पूल म्हणायला सुरुवात केली. ती नीट पाहायची तर ओहोटीलाच. कोकणात आपण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. ते गणित आपल्या किनाऱ्याचं आहे, तिथे ते चालवू नका. तिथल्या माणसाला विचारा आणि सकाळ-दुपारची अदलाबदल त्याप्रमाणे करा. पोहण्याबाबतही तसंच. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी आहेत. एखाद्या किनाऱ्यावर पाण्यात उतरायला मनाई असली तर रखवालदाराशी वाद घालू नये.

पैशाबद्दल दोन शब्द. फेरी बोटवाल्यांनी रद्द केली तर भाडं परत मिळतं, आपण रद्द केली तर कापून मिळतं. म्हणून बावटा चढल्यावर घाईने आपणच तिकीट रद्द करू नये, त्यांची घोषणा होऊ द्यावी. लॉजचे आगाऊ दिलेले पैसे ही वेगळी गोष्ट. पैसे भरण्याआधीच सहलवाल्याकडून लेखी घ्या, बोट बंद पडली तर दुसऱ्या बेटावरच्या मुक्कामाचं काय, जास्तीच्या रात्रीचा खर्च कुणाचा. आमच्याकडे असा कागद नव्हता, तेव्हा तिसऱ्या रात्रीच्या जेवणावरून बरीच बोलाचाली झाली. थोडी रोकड जवळ असावी. चेन्नईहून समुद्राच्या तळातून तार गेल्यापासून, म्हणजे २०२० पासून, पोर्ट ब्लेअरला फोन आणि इंटरनेट सुधारलं आहे, पण लहान बेटांवर वादळी दिवशी त्यावर विसंबू नये. आणि घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन आला नाही तर घाबरू नका.

एक शेवटची बाब. किनाऱ्यावर शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे पडलेले दिसतात. मुलांना शाळेत दाखवायला म्हणून शिक्षकांचा हात हमखास तिकडे जातो. प्रवाळ आणि पुष्कळ जातींचे शंख वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, आणि विमानतळावर सामान तपासतात. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांची पिशवी तिथे रिकामी झाली. हेडमास्तर गुरुजींची वही मात्र कुणी उघडून पाहिली नाही. तिच्यात सव्वाशेच्या वर नावं होती, आणि पहिल्याच सोमवारी ती शाळेच्या फळ्यावर लिहायला त्यांनी सुरुवात केली, रोज दहा.